एक्केचाळीस नंबरची पाच पानं

"कापलं? कापलं म्हणजे काय केलं, दसारामभाऊ? कापलं म्हणजे?"

रामटेके मॅडमचा हा आवाज सौंदडच्या आमच्या ज्युनियर कॉलेजच्या मागच्या शेडमधून निघाला आणि मैदान ओलांडून थेट रेल्वे स्टेशनावर गेला. तिथे सुटायला निघालेल्या मालगाडीच्या गार्डाने हातातली हिरवी झेंडी खाली घेतली, असं गावात आजही सांगतात. झेंडी मी पाहिली नाही, म्हणून छातीठोक सांगत नाही. पण त्या वेळी मी स्टाफरूममध्ये बशीतून चहा पीत होतो आणि तो चहा माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर गेला. तो डाग अजून दाखवू शकतो.

मी शेडकडे धावलो. एप्रिल महिना, सकाळचे अकरा. म्हणजे आमच्याकडे ऊन अजून नीट तापायचं असतं, पण माणसं आधीच शिजलेली असतात. मॅडमच्या खांद्याला प्रवासाची बॅग तशीच लटकलेली. बोर्डाचे पेपर तपासून त्या आठ दिवसांनी नागपूरहून परतल्या होत्या आणि घरी न जाता स्टेशनवरून सरळ शेडमध्ये शिरल्या होत्या. समोर कॉलेजचा चपराशी दसाराम. एका हातात विळा, दुसऱ्या हातात फडक्याची पुरचुंडी, आणि चेहरा बक्षीस घ्यायला उभ्या राहिलेल्या माणसाचा. दोघांच्या मधे मातीची एक कुंडी. कुंडीत बोटभर वाळका खुंट.

"पिकलं होतं जी," दसाराम म्हणाला. "पिकलेलं उभं कायले ठेवाचं? दाना झडते. मी टायमावर कापलो. हे पाहा बियानं. राख लावलो, कडूनिंबाचा पाला घातलो. कीड लागाची नाई."

मॅडमनी खाली वाकून तो खुंट बोटाने हलवून पाहिला. ती कुंडी एक्केचाळीस नंबरची होती.

आता एक्केचाळीस नंबर समजायचा तर आधी मॅडम समजायला पाहिजेत, आणि त्या मला अठरा वर्षं शेजारच्या खुर्चीवर बसूनही पुरत्या समजल्या नाहीत. मी इतिहासाचा मास्तर, मला मेलेल्यांचं कळतं. त्या जीवशास्त्राच्या.

उंची पाच फुटांना दोन बोटं कमी. चालणं असं, की पायाखालची जमीनसुद्धा बाजूला होऊन वाट देईल. आणि गळ्यात काळ्या दोऱ्याला बांधलेलं एक भिंग. हे भिंग त्यांनी कशाकशाला लावलं ते सांगायला बसलो तर तुमचं जेवण थंड होईल. समोशाला लावत. परीक्षेच्या कॉपीला लावत. लग्नात नवरीच्या हळदीला लावलेलं मी स्वतः पाहिलं आहे. एकदा सुट्टीच्या अर्जावरून प्राचार्यांशी त्यांचं जोरात भांडण चाललं होतं. प्राचार्य टेबलावर हात आपटत होते. मॅडमनी मधेच भिंग उचललं, प्राचार्यांच्या कानाला लावलं आणि म्हणाल्या, "सर, तुमच्या कानाची पाळी गालाला चिकटलेली आहे. वडिलांची कशी होती?"

प्राचार्य भांडण विसरले आणि गावाकडे फोन लावायला गेले. त्यानंतर आठवडाभर आमच्या स्टाफरूममध्ये एकमेकांचे कान तपासणं सुरू होतं. सुट्टी मंजूर झाली.

वर्गात त्यांचं एकच वाक्य: "पाहून सांगा. ऐकलेलं सांगायला घरी रेडिओ आहे." पुस्तकात पानाला दातेरी कडा असं लिहिलेलं असलं तरी पोरांना आधी पान आणून दाते मोजावे लागत. दाते मोजता मोजता एका वर्षी बारावीचा निम्मा वर्ग परीक्षेचं वेळापत्रक विसरला, असा पालकांचा आरोप होता. मॅडम म्हणाल्या, "वेळापत्रक पुन्हा छापता येतं."

तर अशा बाई एकदा उजळणी वर्गाला गेल्या. मोठ्या शहरात, राज्याच्या त्या टोकाला. तिथे फळझाडांवर एका जाणकाराचं व्याख्यान झालं. स्ट्रॉबेरी कुठे येते, कशी येते, वगैरे. मॅडमनी हात वर केला, "आमच्या गोंदिया जिल्ह्यात येईल का?" जाणकार हसले. म्हणाले, "हिवाळ्यात कुंडीत उगवेलही. पण तुमच्या मे महिन्यात टिकायची नाही. ते तिच्या रक्तातच नाही."

सगळे हसले. मॅडमही हसल्या असतील. पण परत आल्यावर बॅग टेबलावर ठेवायच्या आधी त्या मला म्हणाल्या, "कटरे सर, रक्तात नाही म्हणजे काय हो? पाहिलं कोणी?"

मी म्हटलं, "मॅडम, बोलायची पद्धत असते."

"हीच पद्धत मला आवडत नाही," त्या म्हणाल्या. "आमच्याबद्दल हे वाक्य किती पिढ्या बोललं गेलं ते तुम्ही इतिहासवाले मला सांगू नका. आता झाडाबद्दलही तेच? मी मे महिन्यात हिरवी राहणारी एक तरी स्ट्रॉबेरी सौंदडला काढून दाखवीन. एक. जास्त नको."

ही 'एक' त्यांच्या डोक्यात बसली ती अशी, की पुढची पाच वर्षं आम्हा सगळ्यांच्या डोक्यावर बसली.

मॅडमचा एक जुना विद्यार्थी होता, गुड्डू. बारावीत तीनदा जीवशास्त्रात नापास होऊन ट्रक चालवायला लागलेला. जानेवारीत त्याचा ट्रक साताऱ्याकडून येऊन कोहमाऱ्याच्या ढाब्यावर थांबला आणि तिथून त्याने एक खोकं पाठवलं. सोबत निरोप: "मॅडम, ये लो, एकदम फ्रेश माल है. अब तो पास कर दो."

खोक्यात स्ट्रॉबेरी. आमच्यापैकी अर्ध्यांनी ती तेव्हा फक्त आइस्क्रीमच्या चित्रावर पाहिलेली. आम्ही हात घातले तोच मॅडम ओरडल्या, "थांबा! आधी दाढी!"

मग प्रत्येकाला एकेक सुई मिळाली. स्ट्रॉबेरीच्या अंगावर पिवळे टिंब दिसतात ना, ते सगळे सुईने काढून कागदावर ठेवायचे आणि मगच फळ खायचं. मॅडम म्हणाल्या, "हे टिंब म्हणजेच खरं फळ. प्रत्येकात एक बी. लाल भाग हे नुसतं आसन आहे, वर बसलेली मंडळी वेगळी." त्या दिवशी आमच्या कॉलेजच्या सगळ्या स्टाफने आसनं खाल्ली, तीही तासलेली. गणिताचे सर म्हणत होते की सुई टोचल्यामुळे चव उतरली. पण सर्वात जास्त त्यांनीच खाल्ल्या.

या बियांना आधी थंडी लागते, तेव्हाच त्या जाग्या होतात. आमच्याकडे मे महिन्यात थंडी कुठून आणायची? मॅडमनी त्या औषधाच्या बाटलीत भरून कोहमाऱ्याच्या ढाब्यावरच्या कोल्ड्रिंकच्या फ्रिजात महिनाभर ठेवल्या. ढाबेवाल्याला वाटलं, बाईंचं काही नाजूक दुखणं असेल. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो हळू आवाजात सांगायचा, "उस बोतल को हाथ नहीं लगाना, मॅडम की दवा है." जून उजाडेपर्यंत कोहमाऱ्यापासून सौंदडपर्यंत तीन जण मॅडमच्या तब्येतीची चौकशी करून गेले आणि एक जण पपई घेऊन आला.

बिया शेडमध्ये टाकल्या. त्रेसष्ट रोपं जगली. प्रत्येकाला वेगळी कुंडी, वेगळा नंबर. नंबर कशावर लिहायचा? कागद भिजतो, लाकूड कुजतं. मॅडमनी सासऱ्यांच्या गुडघ्याचा जुना एक्स-रे कात्रीने कापला आणि त्याच्या पट्ट्यांवर सुईने आकडे कोरले. त्यामुळे कुठल्या रोपाला सासऱ्यांची वाटी आली, कुठल्याला नडगी. सासरे तेव्हा हयात होते. ते अधूनमधून शेडमध्ये येऊन स्वतःचा गुडघा पाहून जायचे.

आणि मग खरी गंमत सुरू झाली. ती त्रेसष्ट रोपं एकाच खोक्यातली, एकाच जातीची, पण एकाचं तोंड दुसऱ्याशी जुळेना. कोणाची पानं गडद, कोणाची पोपटी. कोणी बसकं, कोणी उंचाडं. स्ट्रॉबेरीला एका देठावर तीन पानं असतात. एक्केचाळीस नंबरला मात्र तिघांच्या खाली, देठावरच, आणखी दोन चिमुकली पानं फुटायची. पाच. त्याच्यासारखं दुसरं एकही नाही.

मॅडमचा आनंद शेडमध्ये मावेना. बारावीचा वर्ग त्यांनी तिथेच भरवला. मीही खिडकीशी उभा राहिलो, म्हणून सांगतो. त्या म्हणाल्या, "वाटाण्याच्या घरात प्रत्येक गोष्टीवर दोन जण बोलतात. एक आईकडचा, एक बापाकडचा. उंच की बुटका? एकाचा आवाज मोठा, त्याचं चालतं. हिशोब सोपा. तुमच्या-माझ्याही घरात दोनच. पण स्ट्रॉबेरीच्या घरात आठ जण बोलतात. आठ! रंग लाल की फिका, देठ लांब की आखूड, काहीही ठरवायचं तर ग्रामसभा बसते. आणि दर बीमागे नवीन ग्रामसभा."

एका पोरीने विचारलं, "मॅडम, इतके कायले?"

"कारण हिचं घराणंच मोठं आहे. अमेरिकेच्या उत्तरेची एक रानटी जात, दक्षिणेची एक. दोघी एकमेकींना जन्मात भेटल्या नसत्या. माणसांनी जहाजातून युरोपात नेऊन एका बागेत शेजारी शेजारी लावल्या. दक्षिणेची नेली त्या शहाण्याने नुसत्या माद्याच नेल्या. वर्षानुवर्षं फळ नाही. मग शेजारणीच्या फुलांचे परागकण उडत आले आणि लागली फळं. आज आपण खातो ती स्ट्रॉबेरी म्हणजे त्या शेजारधर्माची लेक. आता हिच्या रक्तात काय आहे आणि काय नाही, ते एका व्याख्यानात कोण सांगणार?"

पण पोरांनी ज्या गोष्टीवर कान टवकारले ती दुसरीच. स्ट्रॉबेरी बियांशिवायही वाढते. रोपाच्या बुडातून एक लांब धागा निघतो, जमिनीवर सरपटत जातो, पुढे टेकतो आणि तिथे नवीन रोप होतं. मॅडम म्हणाल्या, "फरक लिहून घ्या. बी म्हणजे मूल. कोणावर जाईल सांगता येत नाही. धागा म्हणजे मूल नव्हे. धागा म्हणजे तीच, पुन्हा एकदा. पानाला पान, चवीला चव. म्हणून बागवाले बी टाकत नाहीत, धागे लावतात. आणि म्हणून मला बी टाकायचं होतं. नवीन काही पाहिजे तर अर्ज बियांतूनच करावा लागतो. मंजूर होईलच असं नाही."

दिवाळीच्या सुट्टीआधी कुंड्याकुंड्यांतून धागे लोंबायला लागले. धाग्यांनी रोपाची ताकद जाते आणि फळं बारीक राहतात, म्हणून मॅडमनी दसारामला सांगितलं, "भाऊ, सगळे धागे कापा आणि फेकून द्या. आता मला नुसती फळं बघायची आहेत."

दसारामने घमेलंभर धागे कापले. काहींना टोकाशी चिमुकली रोपं धरलेली. घमेलं घेऊन तो घरी जेवायला गेला. ही गोष्ट तुम्ही लक्षात ठेवा. आम्ही कोणी ठेवली नाही.

हिवाळ्यात फळं लागली. त्यांची एक आठवण सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. स्नेहसंमेलनाला एक मोठे शेतकरी पाहुणे आले होते. फेटा, मिशा, आणि बोलताना दर दोन वाक्यांनी स्वतःचे आजोबा. शेड पाहायला आले. म्हणाले, "मॅडम, तुमचं शास्त्र आमचंच सांगते ना? खानदान असतं. गुण उतरतातच. चांगल्या घरचं ते चांगलं, हलक्या घरचं ते..." इथे त्यांना मॅडमचं आडनाव आठवलं असावं, कारण वाक्य त्यांनी मिशीतच ठेवलं.

मॅडम गोड हसल्या. त्यांचं गोड हसणं पाहून मी दोन पावलं मागे सरकलो. त्या म्हणाल्या, "साहेब, बसा. फळ खा."

पहिलं फळ सात नंबरचं. पाहुणे म्हणाले, "वा, साखर!" दुसरं एकोणीस नंबरचं. "पाणीच आहे जी हे." तिसरं बावन्न नंबरचं. बावन्न नंबर आम्ही स्टाफपैकी कोणी दुसऱ्यांदा चाखलेलं नव्हतं. ते पाहुण्यांच्या तोंडात गेलं आणि त्यांच्या मिशांची दोन्ही टोकं नाकाखाली एकमेकांना भेटली. फेटा एक वळसा ढिला झाला, असं मी म्हणेन. दसाराम पाण्याचा तांब्या घेऊन धावला.

"सगळ्या एकाच खानदानाच्या हो साहेब," मॅडम म्हणाल्या. "एकाच खोक्यातल्या. म्हणून मी पाट्या लावते त्या नंबरच्या. घराण्याच्या लावत नाही. फळ लागेपर्यंत थांबते."

पाहुण्यांनी कॉलेजला पंखे द्यायचं कबूल केलं होतं. ते पंखे आले नाहीत.

मार्च संपता संपता उन्हाने कुंड्यांची हजेरी घ्यायला सुरुवात केली. सात नंबर गेला, बावन्न नंबर गेला, एकोणीस गेला. मॅडमनी सावली केली, ओलं पोतं टांगलं, काही उपयोग झाला नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बासष्ट कुंड्यांमध्ये वाळका पाला, आणि एक्केचाळीस नंबर पाच-पाच पानं पसरून फुलावर आलेला! दोन फळं पिकत होती, तीन कळ्या वर. मॅडम दर तासाच्या घंटेला शेडमध्ये. "कटरे सर, हिला एक धागा फुटला की आपण जिंकलो. एक धागा. मग हीच पुन्हा, दहा कुंड्यांत, शंभर कुंड्यांत. पण ही बया धाग्यांना फार कंजूष आहे."

आणि तेवढ्यात पेपर तपासणीचं पत्र आलं. नाही म्हणायची सोय नव्हती. जाताना त्या दसारामला चारदा बजावून गेल्या: "भाऊ, बाकी सगळं जाऊ द्या. ही एक जिवापाड जपा."

आता दसारामचं ऐका. दसाराम चपराशी होता तो पगारापुरता. मुळात तो धानाचा माणूस. त्याच्या घरी आढ्याला निवडक लोंब्यांच्या जुड्या टांगलेल्या असत. सगळ्या बांधीतून, म्हणजे धानाच्या खाचरातून, नजरेने हेरून तो सर्वात भरदार लोंबी निवडायचा, राख आणि कडूनिंब घालून बियाणं राखायचा, आणि पुढच्या वर्षी त्याच्या बांधीत तीच लोंबी हजार वेळा उभी राहायची. गावचे लोक त्याच्याकडून बियाणं मागून नेत. अशा माणसाच्या हाती तुम्ही जगातलं सर्वात मौल्यवान रोप देता आणि म्हणता, जपा. त्याने जपलं. जसं जपायचं त्याला ठाऊक होतं तसं. फळं पिकली. पिकल्यावर धानाचं काय करतात? आधी बांधीतलं पाणी काढून देतात, म्हणून त्याने कुंडीचं पाणी बंद केलं. मग दाणा झडायच्या आत कापतात, म्हणून त्याने विळा लावला, अगदी बुडाशी. मग दाणा सावलीत सुकवला, पुरचुंडी बांधली आणि वर एक्स-रेची पट्टीही लावली, नंबर चुकू नये म्हणून. एवढी निगुतीने केलेली कापणी मी माझ्या बापाचीही पाहिली नाही.

मॅडमनी खांद्यावरची बॅग उतरवली. खुंटाला पाणी घालून पाहिलं, ओलं फडकं गुंडाळून पाहिलं. चौथ्या दिवशी खुंट हाताने उपटून आला. पाचव्या दिवशी त्या वर्गावर गेल्या आणि म्हणाल्या, "चूक माझी आहे. धान स्वतःच्या फुलात स्वतःशीच लग्न लावतं, म्हणून त्याचं बी आईसारखं निघतं, आणि एकदा पिकलं की धानाचं आयुष्य संपतं. दसारामभाऊंना जे माहीत आहे ते शंभर टक्के बरोबर आहे. फक्त धानाचं आहे. मी त्यांना स्ट्रॉबेरीचं सांगितलंच नाही. पोरं समोर बसतात म्हणून त्यांना शिकवलं, आणि जो माणूस रोज पाणी घालतो त्याला नाही."

मग बाहेर येऊन दसारामला म्हणाल्या, "द्या तुमचं बियाणं."

पुरचुंडीतल्या त्या बियांवर त्यांनी पुढचे चार हिवाळे घातले. सासऱ्यांचा दुसरा गुडघा कापला, मग नणंदेच्या छातीचा एक्स-रे. दर जूनमध्ये नवीन पेरणी, दर एप्रिलमध्ये नवीन मयत. कुठे पाच पानं यायची पण ऊन सोसायचं नाही. एकाला ऊन सोसलं, पण त्याला फूलच येईना. एकाला सगळं होतं, आणि त्याला बकरी लागली. एक्केचाळीस नंबरच्या लेकी आणि नाती आल्या, एक्केचाळीस नंबर आली नाही. "ग्रामसभेचा तोच ठराव पुन्हा होत नाही," मॅडम म्हणायच्या, आणि भिंग पुसायच्या.

दसाराम या चार वर्षांत शेडमध्ये कधी रिकाम्या हाताने आला नाही. दर रोपाला पाणी घालताना मॅडमना विचारायचा, "म्याडम, हे होय का ते?" मॅडम पान उलटून पाहत. "नाही हो भाऊ." तो पुढच्या कुंडीकडे जायचा. विळा त्याने पुन्हा शेडमध्ये आणला नाही. गवतसुद्धा हाताने उपटायचा.

दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात मॅडम निवृत्त झाल्या. निरोप समारंभात सगळे बरं बरं बोलले, जाणकाराचं वाक्य कोणी काढलं नाही. मॅडमनी शेवटी एवढंच म्हटलं, "एक म्हटलं होतं मी. जमली नाही." आणि भिंग प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवायला काढलं. मग विचार बदलून परत गळ्यात घातलं.

चार दिवसांनी दसारामने त्यांना आणि मला जेवायला बोलावलं. मे महिना ऐन भरात. गावाच्या टोकाला त्याचं घर. रस्त्यावर आम्हा दोघांशिवाय फक्त एक कुत्रा होता, तोही माझ्या सावलीतून चालत होता. त्याच्या बायकोने कोंबडीचा रस्सा आणि भात केला होता. मॅडमनी पोटभर खाल्लं आणि हात धुवायला मागच्या अंगणात गेल्या. तिथे मोरीचं पाणी बाहेर पडतं, भांड्यांचं आणि आंघोळीचं. त्या पाण्यावर धोप्याची, म्हणजे अळूची, मोठमोठी पानं माजली होती.

बराच वेळ झाला तरी मॅडम येईनात. मी गेलो.

त्या निरोप समारंभातल्या नव्या साडीतच मोरीच्या चिखलात उकिडव्या बसल्या होत्या. धोप्याची पानं एका हाताने वर धरलेली, दुसऱ्या हातात भिंग. पानांखाली हिरवी सतरंजी अंथरावी तशी रोपं. धाग्याला धागा, एकातून दुसरं, अगदी कुडापर्यंत गेलेली. मधून मधून पांढरी फुलं आणि बोटाच्या पेराएवढी लाल फळं. बाहेर पारा कुठे गेला होता ते सांगितलं तर तुम्ही मला थापाड्या म्हणाल. मॅडम एकेक देठ भिंगाखाली धरत होत्या आणि मोजत होत्या. तीन आणि दोन. तीन आणि दोन. तीन आणि दोन. दोन कोंबड्या त्यांच्या पदराला खेटून निवांत फळं टिपत होत्या.

"दसारामभाऊ," त्या म्हणाल्या. इतका हळू आवाज मी त्यांचा अठरा वर्षांत ऐकला नव्हता. "हे कुठून आलं?"

दसाराम खरकटं ताट घेऊन दारात उभा होता. "ते का? तुमीच सांगतल्या होत्या जी, धागे फेकाले. घमेलंभर होते. जित्या रोपाले कचऱ्यात कोन टाकते? इथं पान्यावर टाकलो. सारे मेले त्या उन्हाळ्यात. एकच राह्यलं. त्याचंच पसरत गेलं."

"तेव्हापासून इथे आहे?"

"तेव्हापासून."

"आणि मी चार वर्षं..." मॅडमचं वाक्य पुरं झालं नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं. हसत होत्या की रडत होत्या ते मला भिंगाशिवाय सांगता आलं नसतं. "भाऊ, तुम्ही रोज मला विचारत होता, हे ते आहे का, हे ते आहे का. इथलं एकदा तरी का नाही दाखवलंत?"

दसारामने कोंबड्यांना पायाने बाजूला केलं आणि ताट मोरीवर ठेवलं.

"तुमी तं बियापासून काढून राहिल्या होत्या," तो म्हणाला. "मले वाटलं, फेकलेलं चालत नसन."